घरातली मराठी आणि पुस्तकांची निवड

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत लेखनाची चर्चा बरीच झाली आहे. निवडीची त्या मानाने थोडी. मुलाने काय वाचावे हे बहुधा पाठ्यपुस्तक आणि शाळेचे ग्रंथालय ठरवते व पालक त्यावर विसंबतो. मूल शाळेऐवजी घरीच शिकत असेल तर हा आधार उरत नाही. पुस्तक निवडणारा पालकच तेथे समीक्षक होतो आणि त्याची निवड चुकली तर ती दुरुस्त करणारे दुसरे कोणी नसते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत शाळेत जाणाऱ्या मुलाचीही, मराठीपुरती, हीच अवस्था असते.

रायपूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगडात नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसत गेला. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, पण मराठी कुटुंबे तेथे राहिली. आज गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेत मुलाच्या कानी पडते ती हिंदी आणि छत्तीसगढी. मराठी उंबऱ्याच्या आत असते. यात केवळ हानीच पाहणे योग्य नव्हे. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेले. १९५८ पासून राजनांदगावी अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. मात्र सप्रे यांना ‘दासबोध’ हिंदीत नेता आला, तो मराठीत वाचता येत होता म्हणूनच. घरातील मराठी केवळ स्वयंपाकघरापुरती उरली, तर हे दुहेरी वैभव पुढच्या पिढीला लाभणार नाही.

अशा घरात पुस्तक निवडण्याचा निकष कोणता? पंचतंत्र, इसापनीती किंवा थोरांची चरित्रे मुलाला हिंदीत सहज मिळतात. तोच मजकूर मराठीत हाती देण्याने फारसे काही साधत नाही. जे पुस्तक हिंदीत सांगितले असता त्यातले काही मोलाचे हरवेल, तेच येथे मराठीत वाचण्याजोगे समजावे.

लिपी एक असल्यामुळे एक फसगतही संभवते. हिंदी वाचणारे मूल मराठी पानही भराभर वाचते आणि पालकाला ते समजल्यासारखे वाटते. पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ अक्षराने एकच असला तरी उच्चाराने वेगळा आहे; ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही. ‘ळ’ हिंदीत नाही, नपुंसकलिंगही नाही. हे सारे कानानेच शिकायचे असते. म्हणून मोठ्याने वाचले असता जे पुस्तक बोलू लागते, ते निवडणे घरच्या शिक्षणात अधिक महत्त्वाचे ठरते.

या कसोटीवर ‘श्यामची आई’कडे नव्याने पाहता येते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक अशा घरांत प्रायः ‘संस्कारां’साठी आणले जाते. त्याचे खरे सामर्थ्य त्याच्या निवेदनात आहे. श्याम बेचाळीस रात्री आपल्या सोबत्यांना गोष्ट सांगतो. रोज एक रात्र वाचावी, अशीच त्याची घडण आहे. कोकणातले ते घर छत्तीसगडच्या मुलाला अपरिचित असले तरी सांगणाऱ्याच्या आवाजाने जवळ येते. परंतु या एकाच पुस्तकावर थांबल्यास मराठी ही केवळ अश्रूंची आणि उपदेशाची भाषा आहे, असा मुलाचा ग्रह होण्याचा धोका आहे.

म्हणून तिच्या शेजारी हसणारी, धावणारी मराठीही हवी. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’ या संग्रहांतली गंमत शब्दांच्या नादातून आणि उलट्यासुलट्या कल्पनेतून येते. बोध काढू पाहणाऱ्याच्या हाती तेथे काही लागत नाही, आणि तेच त्यांचे मोल आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चपळ संवादांची भाषा देतो. याच भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. तेव्हा भाषांतर वर्ज्य मानण्याचेही कारण नाही, त्याची मराठी जिवंत असली म्हणजे झाले. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’त बालांसाठी आणि कुमारांसाठी वेगवेगळे भाग आहेत, आणि साहित्यातले उतारे चित्रकलेच्या सोबतीने येतात. एकट्या पालकाला जी व्यापक निवड करणे अवघड, ती तेथे जाणत्या नजरेने केलेली आढळते.

आज पुस्तक टपालाने कोठेही पोहोचते. तुटवडा निकषांचा आहे. वयोगट, पृष्ठसंख्या आणि तात्पर्य पाहून केलेली खरेदी कपाट भरते. याउलट, वाचून संपल्यावर मुलाने त्यातला एखादा शब्द उचलून घरात स्वतःहून वापरला, तर ती निवड योग्य होती असे समजावे. रायपूरच्या मराठी घराला याहून विश्वासार्ह परीक्षा उपलब्ध नाही.