मुखपृष्ठावरचा भिवा

कारंजा लाडच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांना आकर्षक मुखपृष्ठाची गरज कधी पडली नाही. पोथी कापडी वेष्टनात बांधलेली असे, आणि ते सोडणारा कोण हे आधीच ठरलेले असे. छापील पुस्तकाला मात्र अनोळखी वाचकाला हाक मारावी लागते. आपल्या वस्तीतल्या मुलाला ही हाक कोण मारतो, हा माझा प्रश्न आहे.

१४ एप्रिलला गावात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागणाऱ्या दुकानांतून मी मुलांसाठीच्या पुस्तिका चाळत आलो आहे. बाबासाहेबांवरील बहुतेक पुस्तिकांवर तेच चित्र : निळा कोट, चष्मा, हातात संविधान, उंचावलेले बोट. हे चित्र मोठ्यांच्या आदराचे आहे. भिंतीवर ते शोभते. नऊ वर्षांचे पोर त्याला हात जोडते आणि पुढे जाते. उघडून पाहावे असे त्यात त्याला काही दिसत नाही. त्यात या पुस्तिका दोन पिनांच्या, कणा नसलेल्या. दुकानात एकीवर एक रचल्या की वरची पट्टी तेवढी दिसते, आणि नेमके तिथेच जोडाक्षरांनी ठासून भरलेले शीर्षक!

पुरोगामी म्हणवणाऱ्यांचे दुसरे टोक आहे. दलित मूल काढायचे म्हणजे फाटका सदरा, पिंजारलेले केस, डोळ्यांत पाणी. ही दया चित्र विकत घेणाऱ्यासाठी असते. ज्याचे चित्र आहे त्या मुलाने त्यात स्वतःला का ओळखावे?

बाबासाहेबांनी स्वतःचे बालपण असे रंगवलेले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे आत्मकथन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. त्यात १९०१ सालचा प्रवास आहे. वडील गोरेगावला नोकरीस. त्यांच्याकडे जायचे म्हणून साताऱ्याच्या घरातील चार मुलांसाठी इंग्रजी बनावटीचे सदरे, झगमगत्या जडावाच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. कपडे पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली. जात कळताच तो मागे फिरला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही बैलांचा कासरा धरीनात. गाडी मुलांनीच हाकायची, असे ठरले. अस्पृश्यतेचा दाह या कथेत त्या नव्या कपड्यांमुळेच भाजतो. चिंध्या काढल्या की ती कथाच मेली.

दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ च्या ‘भीमायन’मध्ये हा प्रसंग घेतला. त्यांनी ठरीव चौकटी नाकारल्या, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी दिली. चित्रकाराला मोकळीक मिळाली तर काय होते ते तिथे पाहावे. आपले प्रकाशक त्याच्या हाती जुना फोटो देतात आणि निळा रंग गडद करायला सांगतात.

मला हवे असलेले मुखपृष्ठ स्वस्त छपाईतही निघेल. वरच्या पट्टीत ‘मसूर’ एवढेच, जोडाक्षर नसलेली तीन अक्षरे. खाली संध्याकाळचा रिकामा फलाट, लखलखत्या टोप्या घातलेली चार मुले, आणि पाठमोरा चाललेला स्टेशनमास्तर. फलाट आमच्या पोरांना परका नाही, मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ कारंज्यावरूनच जात असे. ही पोरे एवढी नटून इथे का उभी, हे विचारायला कोणतेही मूल पान उलटील.