‘अनाथ’ औषधे आणि ‘दुर्मिळ’ रोग : संशोधन-निधीच्या परिभाषेची चिकित्सा

‘सिस्टिक फायब्रोसिस’ हे नाव फुप्फुसांवरून पडलेले नाही. १९३८ साली न्यूयॉर्क येथील विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी अँडरसन यांनी या रोगाने दगावलेल्या बालकांच्या स्वादुपिंडात ज्या पुटी आणि जे तंतुमय व्रण पाहिले, त्यांचे ते वर्णन होय. रुग्णाचा प्राण मात्र बहुधा फुप्फुसांच्या विकारानेच जातो. १९६५ साली अमेरिकेत या रोगासाठी निधी जमविणाऱ्या एका मातेचे दूरध्वनीवरील संभाषण तिच्या चार वर्षांच्या रुग्ण मुलाच्या कानी पडले, आणि ते नाव त्याला ‘सिक्स्टी-फाइव्ह रोझेस’, म्हणजे ‘पासष्ट गुलाब’, असे ऐकू आले. अपरिचित ध्वनिमालिकेवर परिचित शब्द बसविण्याची ही प्रवृत्ती लोकव्युत्पत्तीच्या अभ्यासकास नवी नाही. नवे आहे ते हे, की १९५५ साली स्थापन झालेल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने हा श्रवणभ्रम आपल्या निधिसंकलनाची ओळख म्हणून स्वीकारला.

निधी नावाच्या गोडव्यानेच मिळतो, असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र घाईचे ठरेल. ‘लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस’ हा फुप्फुसांचा विकार जवळजवळ केवळ स्त्रियांनाच होतो. लसिका, वाहिनी, गुळगुळीत आणि स्नायू या अर्थांच्या घटकांचा हा समास कोणत्याही बालकाच्या तोंडी फूल होऊन यावयाचा नाही. तरीही एका रुग्णेच्या मातेने १९९५ साली सिनसिनाटी येथे त्यासाठी संस्था उभारली. २०११ साली अवघ्या ८९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली सिरोलिमस या औषधास मान्यता मिळाली. ते औषध मूत्रपिंडरोपणासाठी १९९९ पासूनच उपलब्ध होते, हेही येथे लक्षात ठेविले पाहिजे.

खरा आक्षेप आहे तो ‘अनाथ औषध’ या संज्ञेवर. १९८३ च्या अमेरिकन कायद्याने ती रूढ केली. १९८४ च्या दुरुस्तीने दोन लाखांहून कमी रुग्णसंख्येची कसोटी त्यात घातली. अनाथ येथे रुग्ण नव्हे, रोगही नव्हे. अनाथ आहे ते औषध, कारण त्यास निर्माता नाही. मायबाप मिळावेत म्हणून निर्मात्यास सात वर्षांचा एकाधिकार आणि करसवलत देऊ केली गेली. रूपक एकदा मान्य केले की ही तजवीज दयेची वाटते, आणि तेथेच रूपक फसविते. फाउंडेशनने देणग्यांतून सुमारे १५ कोटी डॉलर औषधसंशोधनात घातले. त्यातून २०१२ साली आलेल्या आयव्हाकॅफ्टरची किंमत वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर होती, आणि प्रारंभी ते सुमारे चार टक्के रुग्णांनाच उपयुक्त होते. २०१४ साली फाउंडेशनने आपला स्वामित्वशुल्काचा हक्क ३३० कोटी डॉलरांस विकला. हा पैसा पुन्हा संशोधनाकडे वळविता येतो, आणि या गुंतवणुकीवाचून ते औषध कदाचित् निघालेच नसते, हे मान्य करावयास हवे. परंतु अशा औषधास अनाथ म्हणणे ही भाषेची थट्टा होय. मूळ ग्रीक शब्दात आईबापांचा वियोग आहे; ‘अनाथ’ या संस्कृत शब्दात रक्षकाचा, स्वामीचा अभाव आहे. मराठी प्रतिशब्द ऐकताच ‘नाथ कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी शब्द तो उभा राहू देत नाही.

‘दुर्मिळ रोग’ ही आपली संज्ञाही विचारार्ह आहे. दुर्मिळ असते ती मिळावी अशी इच्छा असलेली वस्तू : ग्रंथ, नाणे, वनस्पती. रोग मिळावा अशी इच्छा कोणी धरीत नाही. त्यास ‘विरळ’ म्हणणे अधिक युक्त. दुर्मिळ आहे ते औषध. शिवाय विरळपणा मोजावा लागतो. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाने पुरेशा आकडेवारीच्या अभावी अशा रोगांची संख्यात्मक व्याख्याच केली नाही. महागड्या, दीर्घकालीन उपचारांच्या गटासाठी त्यात ऐच्छिक देणग्यांची वाट दाखविली होती. २०२२ मध्ये सर्व गटांतील रुग्णांस ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर झाले, परंतु ते उपचारांसाठी. संशोधनासाठी अर्ज करणाऱ्यास रुग्ण किती, या पहिल्याच प्रश्नाशी अडखळावे लागते.