कादंबरी छापते बोरिवली, घडते दुसरीकडे

साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार २०२१मध्ये किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला मिळाला, २०२२मध्ये प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला आणि २०२३मध्ये कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला. पहिलं पुस्तक कथांचं, पुढची दोन कादंबऱ्या. तिन्हींचा प्रकाशक एकच, बोरिवलीचं शब्द पब्लिकेशन. मी बोरिवलीचाच असल्यामुळे मला याचा अभिमान वाटतो. पण या तिन्ही पुस्तकांत कोल्हापूरकडचा मुलूख आहे, तळकोकण आहे, धरणात गेलेलं गाव आहे, बोरिवली नाही. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या मराठी कादंबऱ्या आठवताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा खटकते.

त्या वाईट आहेत म्हणून नव्हे. ‘रिंगाण’ तर मला अलीकडच्या कादंबऱ्यांत सगळ्यात सरस वाटली. धरणामुळे गाव उठतं, दुसरीकडे वसवलं जातं आणि मागे राहिलेली म्हैस आणायला एक जण जुन्या गावाच्या रानात परत जातो. म्हैस आता रानटी झालेली असते. कथानक एवढंच. विस्थापनावर एकही भाषण न देता खोत विस्थापन अंगावर आणतात. मधल्या भागात भाषा जरा स्वतःवरच खूश होते आणि माणूस-जनावराची झुंज हवी त्यापेक्षा लांबते, ही माझी तक्रार. पण पुस्तक मिटल्यावर ती फारशी टिकत नाही.

‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’बद्दल मी इतका खात्रीचा नाही. भोवती साचत जाणारी भीती आणि दडपण बांदेकर नेमकं पकडतात. कळसूत्री बाहुल्यांचं रूपक मात्र काही ठिकाणी पात्रांपेक्षा मोठं होऊन बसतं. दोऱ्या कुणाच्या हातात आहेत हे वाचकाला कळलेलं असतं, तरी कादंबरी ते पुन्हा दाखवत राहते. रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’ची (२०१९) गोष्ट वेगळी. सुमारे सात शतकांचा पट मांडताना ही कादंबरी कुळाच्या शुद्ध रक्ताची कल्पना मोडीत काढते, आणि तेही कुलवृत्तांत या प्रतिष्ठित घाटाचाच वापर करून. हा डाव मला फार आवडला. निवेदक मात्र बरंचसं स्वतःच समजावून सांगतो, त्यामुळे मधली दोन-तीनशे पानं दमवतात.

देविदास सौदागर यांची ‘उसवण’ या सगळ्यांपुढे चिमुकली. तिला साहित्य अकादमीचा २०२४चा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या दुकानांपुढे हतबल होत गेलेला छोट्या गावातला शिंपी हा तिचा नायक. लेखकाने स्वतः हा धंदा केलेला असल्याने शिलाई, उधारी, सणासुदीची गर्दी आणि नंतरचा शुकशुकाट यांचे तपशील पक्के आहेत. रचना सरळ आहे, कुठे कुठे भाबडीही. तरीही आजच्या मराठी कादंबरीत माणूस पोटासाठी नेमकं काय करतो, हे इतक्या बारकाईने क्वचितच दिसतं.

या सगळ्यांत लोकलच्या आवाजाच्या जवळ येते ती प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ (२०१९). मैत्री, प्रेम, मृत्यू आणि त्यातून उरलेलं ओझं हा तिचा ऐवज. जागतिकीकरणानंतर वयात आलेल्या मुलाची इंग्रजीमिश्रित, उतावळी, स्वतःशीच भांडणारी मराठी तिने धीटपणे कागदावर आणली. पण तिचं लक्ष नायकाच्या डोक्यात चाललेल्या खळबळीवर आहे. भोवतालची माणसं त्या खळबळीपुरतीच येतात. तिच्याकडून मी वस्तीचं चित्र मागणं अन्यायाचं होईल. तरीही ते कुणाकडे तरी मागायला हवंच.

मागण्याला कारण आहे. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक. मुंबईकर म्हणजे चारांतले तिघे उपनगरातले. मराठी वाचकाचं बिऱ्हाडही गिरगाव-दादरहून केव्हाच इकडे आलं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, तिथली ग्रंथालयं, व्याख्यानं, गप्पांचे कार्यक्रम हे सगळं उपनगरातच आहे. कादंबरी इथे छापली जाते, वाचली जाते, तिच्यावर वादही इथेच होतात. तिच्यात राहायला मात्र इथलं कुणी येत नाही.

हे नवं नाही. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत असताना १९५९मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ती घडते वारणेच्या खोऱ्यात. पण अण्णा भाऊंनी ‘चिरागनगरची भुतं’ही लिहिली. ज्या वस्तीत राहतो ती लिहिण्याजोगी आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यानंतर मुंबईची कादंबरी जोमाने आली, पण तिचे पत्ते ठरलेले होते. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ आणि मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ झोपडपट्टीत शिरल्या. अरुण साधू यांनी ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये सत्तेची दालनं उघडली. भाऊ पाध्ये यांनी नाक्यावरची पोरं आणि ‘वैतागवाडी’त जागेसाठीची वणवण लिहिली. चाळीबद्दल तर बोलायलाच नको. तिच्या आठवणींवर आपण अजून जगतो. या सगळ्यांत हुकला तो तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. फ्लॅटच्या आत काय चालतं याची चाहूल शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’सारख्या एखाद्या कादंबरीत, नोकरी करून घर ओढणाऱ्या बाईच्या मनातून लागते. बाकी दार बंदच राहिलं.

‘बंद दारामागे नाट्यच नसतं, तर कादंबरी कशी होणार?’ असं याचं समर्थन केलं जातं. ते मला पटत नाही. अरविंद अडिगा यांची इंग्रजी कादंबरी ‘लास्ट मॅन इन टॉवर’ २०११ची. सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात एक जुनी सोसायटी, बिल्डरने देऊ केलेले भरघोस पैसे, सगळ्यांचा होकार आणि एका निवृत्त मास्तरांचा नकार. वर्षानुवर्षं एकमेकांकडे साखर मागायला जाणारी माणसं त्या एका नकारामुळे कुठपर्यंत जातात, याची ती गोष्ट. अडिगांचा उपरोध कधी कधी माणसांना चेंगरतो आणि स्थानिक तपशील परक्याने टिपल्यासारखे वाटतात. पण विषय त्यांनी ओळखला. पुनर्विकासाने उपनगरातली सगळी बंद दारं एकदम उघडली आहेत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या सभा, संमतीपत्रं, कॉर्पसची रक्कम, ट्रान्झिटचं भाडं, भावाभावांतले वाटे, म्हाताऱ्या आईचा अडलेला अंगठा. कादंबरीकाराला यापेक्षा आयतं काय हवं?

मग आपल्याकडे अडतं कुठे? एक कारण प्रतिष्ठेचं आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने मराठी कादंबरी बराच काळ अडवून ठेवली होती. भालचंद्र नेमाडे यांच्यानंतरच्या पिढ्यांनी ती गावाकडे, तालुक्याकडे, कष्टकऱ्यांकडे नेली, आणि ते झालंच पाहिजे होतं. पण त्यामुळे शहरातल्या लेखकाच्या मनात आपलं जगणं नकली असल्याची धास्ती बसली. दुसरं कारण स्मृतीचं. पहिली पिढी गाव लिहिते, दुसरी चाळ लिहिते, तिसरी बहुधा इंग्रजीत वाचते. उपनगर म्हणजे झोपण्यापुरती जागा, अशी समजूत तिन्ही पिढ्यांची. झोपण्यापुरत्या जागेत चाळीस वर्षं काढली, तर आयुष्य तिथेच झालेलं असतं, हे कुणी हिशेबात धरत नाही.

तिसरं कारण कारागिरीचं, आणि माझ्या मते तेच खरं अवघड. घाटकोपर-मुलुंडमधला मराठी माणूस शेजाऱ्याची गुजराती ऐकतो, रिक्षावाल्याशी हिंदीत बोलतो, अंधेरीच्या ऑफिसात इंग्रजीत मेल लिहितो आणि रात्री घरी मराठी बोलतो. त्याचा अर्धा दिवस मराठीबाहेर जातो. हा दिवस मराठी कादंबरीने कोणत्या मराठीत लिहायचा? गावाकडच्या लेखकाला त्याची बोली बळ देते. उपनगरी लेखकाकडे अशी तयार बोली नाही, ती त्याला घडवावी लागेल. भाऊ पाध्ये यांनी १९६०च्या दशकात शिव्याशाप खात ती आपल्या काळापुरती घडवली होती. तिचा वारसा कुणी नेटाने पुढे नेल्याचं दिसत नाही.

सिनेमाने हे काम आधी केलं, हे कबूल करायला हवं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहिराला तुरुंगात डांबण्यासाठी युक्तिवाद करणारी सरकारी वकीलबाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, मुलाला सोबत घेते, स्वयंपाक करते. तिच्या साधेपणामुळेच ती अधिक भीतिदायक वाटते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण मेले. त्याचा माग आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात वर्षानुवर्षं काढला. त्या तोलाची मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

गावाकडची कादंबरी कमी व्हावी, असं मी म्हणत नाही. ‘रिंगाण’मधून एक गोष्ट मात्र शिकता येईल: आपली जागा इतकी ओळखीची असावी की ती समजावून सांगावी लागू नये. साकीनाक्याच्या गाळ्यातला कामगार, सीप्झच्या बसची वाट पाहणारी मुलगी, सोसायटीचा अवैतनिक सेक्रेटरी, सही न करणारी चौथ्या मजल्यावरची बाई यांच्याकडे या नजरेने पाहणारा लेखक याच इमारतींतून यावा लागेल. तो येईपर्यंत बोरिवलीचे प्रकाशक कोल्हापूरच्या उत्तम कादंबऱ्या छापतील, मी त्या आनंदाने विकत घेईन आणि माझ्याच शेजाऱ्यांची गोष्ट मला इंग्रजीत वाचावी लागेल.