नसेला वीज दिली, पण पायरी चढता आली का?

माहूरच्या रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पावलाला चवडा घोट्यातून वर उचलावा लागतो. हे काम नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू करतो. अर्धांगवायूनंतर मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, मग चवडा खाली लोंबतो आणि पायरीला अडखळतो. म्हणूनच 'नसेला वीज दिली की मेंदूची पकड सुधारते' हा दावा नीट तपासायला हवा.

डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठातल्या खास्लावस्काया आणि सिंकेर यांच्या गटाचं 2002 चं काम यातलं महत्त्वाचं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने हाडाला वळसा घालून जाणाऱ्या नसेला त्यांनी अर्धा तास विजेचे झटके दिले. या नसेत स्नायूकडे जाणारे तंतू असतात, तसेच संवेदना वर नेणारेही असतात. आधी आणि नंतर डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून त्याच स्नायूचा प्रतिसाद मोजला. प्रतिसाद वाढला. प्रयोग साधा आणि नेमका आहे, हे मान्यच.

पण या मोजणीचा अर्थ काय? चुंबकाने उठवलेला संदेश मेंदूतून निघतो, तरी स्नायूपर्यंत जाताना मज्जारज्जूतून जातो. म्हणजे प्रतिसाद वाढला एवढ्यावरून मेंदूच बदलला असं म्हणता येत नाही. मज्जारज्जूची वेगळी तपासणी लागते. शिवाय प्रयोग निरोगी माणसांवर झाला. आलेख वर गेला म्हणजे चाल सुधारली, असं होत नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते याच दोघांचं 2005 चं काम. विजेचा परिणाम माणूस त्या वेळी स्वतः काय प्रयत्न करतोय यावर अवलंबून असतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पेशंटला नुसतं पडून ठेवून मशीन लावणं आणि चवडा उचलायचा प्रयत्न करायला लावून मशीन लावणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. कुष्ठरोगात नेमकी हीच नस खराब होऊ शकते, मधुमेहातही पायाच्या नसा बधिर होतात. तिथेही चवडा पडू शकतो, पण संदेश वर नेणारी तारच तुटलेली असेल तर मेंदूला कळणार काय?

म्हणून कुणी असं मशीन विकायला आलं, तर पेशंट आधी किती चालत होता, आता किती चालतो आणि त्याची नस शाबूत आहे का, एवढं विचारा.