मागच्या पावलाचे सौंदर्य

कबड्डीत बोनसचा गुण मिळवायचा असेल तर चढाईपटूला एक पाऊल बोनस रेषेच्या पलीकडे टेकवावे लागते आणि ते टेकलेले असताना दुसरे पाऊल जमिनीपासून उचललेले असावे लागते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा, आणि समोर किमान सहा बचावपटू, की हा गुण खुला. नियमाच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपते. मैदानावर मात्र या एका गुणात केवढे नाट्य साठवलेले असते! पुढचे पाऊल शत्रूच्या घरात शिरलेले, मागचे अधांतरी, सारा तोल एका चवड्यावर, मुखात ‘कबड्डी कबड्डी’चा अखंड दम, आणि त्याच निमिषात उजव्या कोपऱ्यातला बचावपटू झेपावला तर परतायला आधारच नाही. आपली नजर साहजिकच पुढच्या पावलामागे धावते. पंचाची नजर मात्र मागच्या पावलावर खिळलेली असते. आणि अनुप कुमारची चढाई पाहताना आपण पंचाच्या नजरेने पाहायला शिकतो.

प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा या मुंबईच्या संघाचा इतिहास मला याच मागच्या पावलातून वाचावासा वाटतो. हरियाणातल्या पालडा गावचा अनुप मुंबईचा कर्णधार झाला आणि त्याने मुंबईला आपला स्वभाव दिला. तीस सेकंदांच्या चढाईत घाई करायची नाही, हा तो स्वभाव. अनुप मध्यरेषा ओलांडून आत येई तेव्हा खांदे सैल, चेहरा निवांत, हात जरासे पसरलेले. डावीकडून उजवीकडे तो संथपणे सरके आणि त्याच्या सरकण्याबरोबर सात जणांची साखळी तीळतीळ हलत राही. तो काहीच करत नाही असे वाटे, आणि नेमके तेव्हाच तो सगळे करत असे: कोणाचा पाय जड आहे, कोणता कोपरा उतावीळ आहे, मधल्या दोघांचे हात सुटले आहेत की नाहीत, हे तो वाचून घेई. मग एक झुकाव, पायाच्या बोटांचा ओझरता स्पर्श किंवा बोनस रेषेपलीकडे टेकलेली टाच, आणि तो मागे वळलेला असे. गुण एकच. पण त्या एकेका गुणाची वीण इतकी घट्ट, की सामना संपता संपता आपल्याला कळे, धावफलक केव्हाच मुंबईकडे झुकला होता.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. समोर जयपूर पिंक पँथर्स. दिव्यांचा झगमगाट, मोठ्या पडद्यांवर नाचणारी दृश्ये, प्रेक्षकांत चित्रपटतारे, आणि या साऱ्याच्या मधोमध तो सैल खांद्यांचा माणूस. मुंबईने तो सामना ४५–३१ असा जिंकला. त्याच संकुलात ३१ ऑगस्टला अंतिम सामन्यात त्याच जयपूरने हिशेब चुकता केला, ३५–२४. अनुप त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रकाशझोत आणि कोलाहल यांवर उभ्या केलेल्या स्पर्धेचा पहिला नायक इतका शांत निघावा, हे मला त्या हंगामाचे सर्वांत मोठे सौभाग्य वाटते.

असे सामने दूरचित्रवाणीवर लोधिवलीसारख्या गावात बसून पाहण्याची गोडी आणखी निराळी. मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरचे हे गाव. एका अंगाला पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या अंगाला प्रबळ आणि इर्शाळचे सुळके. खालापूर-कर्जतच्या या पट्ट्यात, आणि खरे तर साऱ्या रायगडात, भातकापणी उरकली की शेतात मैदान आखले जाते, तांबडी माती चोपून पाणी मारून बसवली जाते, खांबांवर दिवे चढतात आणि रात्र रात्र सामने चालतात. तिथला प्रेक्षक केवळ टाळ्या वाजवणारा नसतो. बांधावर बसलेले आजोबा चढाई सुरू व्हायच्या आधीच सांगतात, “डावा कोपरा पुढे आलाय, आज खाणार हा.” पाताळगंगेची पाळी संपवून थेट मैदानावर आलेला तरुण हातातला डबाही खाली ठेवत नाही आणि पकड बसली की ती आपल्या संघाची की समोरच्यांची, हे न पाहता आधी ‘वा!’ म्हणून जातो. अशा तयार डोळ्यांसमोर दूरचित्रवाणीने अचानक मंदगतीतले चित्र आणून ठेवले. मातीवरच्या सामन्यात धुरळ्यात हरवणारे मागचे पाऊल आता मॅटवर, बुटासकट, स्वच्छ दिसू लागले. अनवाणी पायांचा मातीशी असलेला संवाद मॅटवर उरला नाही, ही हानी खरीच. परंतु इतकी वर्षे ज्याची केवळ चर्चा व्हायची, तो वीतभर उचललेला पाय उभ्या महाराष्ट्राला एकदम पाहता आला, हा लाभही थोडा नव्हे.

आता जरा कोपऱ्यांकडे वळू, कारण या संघाचे अर्धे लावण्य तिथे होते. डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर. मधल्या फळीत जीवा कुमार आणि मुंबईच्याच मातीतला विशाल माने. कोपऱ्यातल्या खेळाडूचे काम वरवर पाहता झडप घालण्याचे. पण नाडाकडे निरखून पाहिले की ध्यानात येते, झडप हा त्याच्या कलेचा शेवटचा अक्षरभर भाग आहे. त्याआधी तो गुडघ्यांत वाकून, तळवे जवळजवळ मॅटला टेकवून, चढाईपटूला आपल्याकडे येऊ देतो. आणखी थोडे येऊ देतो. चढाईपटूचा पाय बोनसच्या मोहाने लांबतो, त्याच्या दुसऱ्या पायावर सगळे वजन येते, आणि त्या क्षणी नाडाचे दोन्ही हात घोट्याभोवती मिटतात. ओढणे नाही, झटापट नाही. घोटा हातात आला की चढाईपटूचा देह आपोआप खाली येतो आणि तेवढ्यात मधली फळी त्याच्यावर कोसळते. पलीकडचा मोहित, अलीकडचा नाडा आणि त्यांच्यामधून सरकणारी साखळी यांना एकत्र पाहताना उमगते, की कर्णधार चढाईत जे करत होता तेच हे दोघे बचावात करत होते. संघाची दोन्ही टोके एकाच संयमाने बांधलेली होती.

या संयमाला धार होती ती रिशांक देवाडिगाची. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अशा तिसऱ्या चढाईला मुंबईचा हा मुलगा निघे. अनुपची चढाई विलंबित लयीतली, तर रिशांकची द्रुत. पण ती द्रुत लय खुलते कशामुळे? आधीच्या दोन चढायांत अनुपने समोरच्यांना थांबायची सवय लावून ठेवलेली असते म्हणून. ही रचना कोणी फळ्यावर आखली होती की खेळता खेळता उमलली, हा प्रश्न आस्वादकाला पडतो आणि तो तसाच राहू देण्यातही आनंद आहे.

२०१५चा दुसरा हंगाम म्हणजे या रचनेचा परिपाक. साखळीतल्या १४ सामन्यांपैकी १२ जिंकून मुंबई बाद फेरीत गेली. केरळचा शब्बीर बापू चढाईत अनुपच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, इराणचा कोवळा फजल अत्राचली बचावात सामील झाला, आणि २३ ऑगस्टला वरळीतच बंगळूरु बुल्सवर ३६–३० अशी मात करून यू मुंबाने विजेतेपद मिळवले. हरियाणाचा कर्णधार, केरळचा चढाईपटू, इराणचा पकडपटू, आणि हे सारे मुंबईचे नाव छातीवर घेऊन. घाम गाळायला आलेल्या प्रत्येकाला आपले म्हणणाऱ्या या महानगराशी ते किती सुसंगत!

इथे थोडे दूर, जपानकडे पाहायचा मोह होतो, कारण तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघांची घडण आपल्या कबड्डीच्या घडणीशी विलक्षण जुळते. टोकियोचा अल्वार्क हा संघ मुळात टोयोटा कंपनीच्या कामगार-खेळाडूंचा. कावासाकीचा ब्रेव्ह थंडर्स हाही मुळात तोशिबाचा. कंपनीने नोकरी द्यायची आणि कर्मचाऱ्याने संध्याकाळी कंपनीसाठी खेळायचे, ही तिथली रीत होती. देशात दोन स्वतंत्र लीग झाल्या, त्यावरून आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४मध्ये जपानला निलंबित केले, आणि त्या पेचातून दोन्हींना एकत्र करणारी बी. लीग जन्मली. २२ सप्टेंबर २०१६ रोजी टोकियोच्या योयोगी संकुलात, प्रकाशमान पडद्यांनी बनवलेल्या मैदानावर अल्वार्कने ओकिनावाच्या र्‍युक्यू गोल्डन किंग्जना ८०–७५ असे हरवून तिचा प्रारंभ केला. आपल्याकडेही महिंद्रा, भारत पेट्रोलियम, देना बँक, रेल्वे यांचे संघ हीच कबड्डीपटूची भाकरी आणि प्रतिष्ठा होती. महिंद्रांच्या घरातूनच प्रो कबड्डीची कल्पना पुढे यावी, यात एक न्याय आहे. आणि गंमत म्हणजे ओघ उलटाही वाहिला आहे: १९३६मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये दाखवलेला आपला खेळ १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकासाठी खेळला गेला, आणि २०१०च्या ग्वांगझू स्पर्धेत जपानच्या पुरुषांनी त्यात कांस्यपदक मिळवले. बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य वेचून ज्या खेळाला नियमांची आणि संघटनेची चौकट दिली, ज्या बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो, त्यांच्या कष्टांची फळे किती दूरवर रुजली आहेत ते पाहावे.

आता परत यू मुंबाकडे. ५ मार्च २०१६ला दिल्लीत मुंबई सलग तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात उतरली आणि पाटणा पायरेट्सकडून ३१–२८ अशी हरली. तीन गुणांचे अंतर! मला हा पराभव त्या विजेतेपदाइतकाच प्रिय आहे. पाटण्याचा खेळ उसळता, तरुण, वेगाचा. मुंबई पिछाडीवर पडली, तरीही अनुपच्या खांद्यांचा सैलपणा गेला नाही. मागे पडलेल्या संघाने एकेक गुण वेचत वर यावे आणि तसे वर येताना आपली लय सोडू नये, हे पाहायला मिळणे दुर्मीळ.

पुढच्याच हंगामात छिल्लर आणि नाडा जोडीने बंगळूरुला गेले. लिलावाची ही रीतच आहे. जमलेली मैफल ती वरचेवर उठवते. त्यानंतरची दोन वर्षे अनुप होता, पण ते कोपरे नव्हते. २०१८मध्ये तोही जयपूरकडे गेला आणि त्याच डिसेंबरात निवृत्त झाला.

मात्र त्याच वर्षी मुंबईच्या संघात अगदी निराळे सौंदर्य अवतरले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई पहिल्यांदाच लीगमध्ये उतरला आणि त्याने एका हंगामात चढाईचे २१८ गुण मिळवले. अनुप सुटून येई, सिद्धार्थ ओढत येई. दोन जण कमरेला, एक पायाला, आणि हा गडी तिघांसकट मध्यरेषेकडे सरकतो आहे; शेवटी लांबवलेला हात रेषेला लागतो आणि तिघेही बाद! आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाचे अंगचे बळ असे देशासमोर उलगडताना पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही? बचावाची धुरा तेव्हा फजलकडे होती, आता कर्णधार म्हणून. लिलावात एक कोटीची बोली लागलेला तो लीगचा पहिला खेळाडू, आणि ती बोली मुंबईने लावली होती. पुढच्या वर्षी सिद्धार्थला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना नेले.

त्यानंतरही यू मुंबा खेळत आहे, नवे चेहरे येत आहेत, काही हंगाम बरे गेले, काही फिके. संघाच्या नावावर विजेतेपद आजवर एकच आहे, २०१५चे. पाटण्याने २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत सलग तीन विजेतेपदे जिंकली, तो पराक्रम निर्विवाद मोठा. तरीही प्रो कबड्डीने आजपर्यंत पाहिलेला सर्वांत देखणा संघ कोणता, असे मला कोणी विचारले, तर अनुप, नाडा, छिल्लर, जीवा, विशाल, रिशांक आणि शब्बीर यांचा २०१५चा यू मुंबा, हेच माझे उत्तर राहील.