संशोधनसंग्रहाचे स्थलांतर : एक पाठचिकित्सा

भंडारा जिल्ह्याविषयी काही शोधू इच्छिणाऱ्या अभ्यासकाची पहिली गाठ आता बहुधा ग्रंथपालाशी पडत नाही. ती संगणकाच्या पडद्यावरील शोधचौकटीशी पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेट केंद्राकडे सोपविण्याची तरतूद केली आणि त्या केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहातून देशभरातील प्रबंध सर्वांस खुले होऊ लागले. झाडीबोली, दंडार, मालगुजारी तलाव, पवनीचे स्तूप यांवर कोणी काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी नागपूरला जाऊन कपाटे उघडावी लागत असत, ते कष्ट बरेच उणे झाले. तथापि या सोयीबरोबर एक नवी अट आली, आणि तिच्याकडे आपल्या मराठी विभागांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रबंध आहे की नाही हे आता एका संगणकप्रणालीच्या वाचनशक्तीवर अवलंबून राहते. तिला जो शब्द वाचता येत नाही तो शब्द असलेला प्रबंध संग्रहात असून नसल्यासारखा होतो.

शोधगंगा ज्या प्रणालीवर उभी आहे ती 'डीस्पेस'. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ती जावा भाषेत तयार करून २००२ मध्ये सर्वांस विनामूल्य खुली केली. अनेक विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी स्वतःचे छोटे संग्रहही तिच्यावरच उभारले. अशी प्रणाली एका फ्रेमवर्कवरून त्याच्या नव्या आवृत्तीवर नेण्याच्या कामास तंत्रज्ञ 'मायग्रेशन' म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय हेच स्थलांतर होय. मात्र आम्ही त्याकडे पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहणार आहोत, कारण आमच्या मते स्थलांतरित प्रणाली ही मूळ संग्रहाची नवी आवृत्ती असते, आणि आवृत्तीची परीक्षा ज्या कसोट्यांनी करावयाची त्या कसोट्या तिलाही लागू पडतात.

प्रथम स्थलांतराची आवश्यकता मान्य केली पाहिजे. जुने तेच बरे ही वृत्ती येथे घातक ठरते. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन संस्थेकडून सुमारे १४ कोटी ७० लक्ष लोकांची खाजगी माहिती चोरीस गेली, ती स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधील एका छिद्रातून; आणि त्या छिद्रावरील ठिगळ चोरीपूर्वीच उपलब्ध झालेले होते. डीस्पेसच्या सहाव्या आवृत्तीची देखभाल २०२३ मध्ये थांबली. स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कच्या दुसऱ्या मालिकेची विनामूल्य देखभालही त्याच वर्षी संपली. जुन्या घरात राहणे म्हणजे कुलूप नसलेल्या घरात राहणे, अशी ही स्थिती आहे.

स्थलांतराचा इतिहास मात्र मोठा चमत्कारिक आहे. जावाची उद्योगोपयोगी शाखा ओरॅकल कंपनीने २०१७ मध्ये एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे सुपूर्द केली. परंतु 'जावा' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून स्वतःकडेच राखले. परिणामी त्या शाखेतील पॅकेजांच्या नावांतील 'जावाएक्स' हे आद्यपद पुढे वाढविता येईना, आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ या आवृत्तीत ते सर्वत्र बदलून 'जकार्ता' करण्यात आले. नव्या सोयी त्या आवृत्तीत जवळजवळ नव्हत्याच. नामांतर हेच तिचे कार्य. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंगची सहावी व स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती या नव्या नावांवर आली, त्यांनी जावा १७ ही किमान अट घातली, आणि २०२४ मध्ये डीस्पेसची आठवी आवृत्ती त्याच वाटेने गेली. तत्पूर्वी २०२१ मधील सातव्या आवृत्तीने आपली दोन्ही जुनी दर्शनी रूपे टाकून देऊन नवे एकच रूप धारण केले होते. एका नावावरील मालकीहक्कामुळे जगातील असंख्य प्रणालींना आपले कोड पुन्हा लिहावे लागावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकांस तरी उपेक्षणीय वाटू नये.

या कामासाठी ओपनरीराइटसारखी साधने आहेत. ती हजारो ओळींतील नावे आपोआप बदलतात, आणि जे काम मनुष्यास महिने लावील ते तासांत उरकतात. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु केवळ 'शोधा व बदला' या आज्ञेने हे काम करू पाहणारा फसतो. डेटाबेसशी बोलणारे 'जावाएक्स.एसक्यूएल' किंवा कूटलेखनाचे 'जावाएक्स.क्रिप्टो' ही पॅकेजे मूळ जावाचाच भाग असल्याने त्यांचे नाव बदललेले नाही. दिसेल ते 'जावाएक्स' बदलणारा प्रोग्रामर हा आपल्या हस्तलिखितांतील अतिउत्साही लेखनिकाचा वंशज होय. एकदा एक रूप अशुद्ध आहे असे कळले की तो शुद्ध रूपांनाही सोडीत नाही. सुदैवाने ही चूक कंपायलर बहुधा तत्काळ पकडतो.

कंपायलर जी चूक पकडत नाही, तीच आमच्या चिंतेचा विषय आहे.

भंडाऱ्याकडे धानाच्या रोपांस 'पऱ्हे' म्हणतात; आषाढ-श्रावणात ती उपटून बांधीत लावतात, ती रोवणी. जिल्ह्याच्या शेतीवरील कोणत्याही लेखनात हा शब्द येणारच. आता या लहानशा शब्दाचा संगणकातील प्रवास पाहावा. यातील अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एक, नुक्ता असलेला ऱ व त्यापुढे हलन्त, दुसरी, जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न शब्दरूपे आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक मानीत नाही. एका रीतीने नोंदविलेला प्रबंध दुसऱ्या रीतीने टंकित केलेल्या प्रश्नास उत्तर देत नाही. जुन्या संग्रहात एखाद्या जाणत्या प्रोग्रामरने या दोहोंचा मेळ घालणाऱ्या चार ओळी लिहून ठेवल्या असल्या, तर स्थलांतरात त्या ओळी 'निरुपयोगी' म्हणून गळण्याचा संभव सर्वाधिक असतो. कारण त्या कशासाठी आहेत हे मराठी न जाणणाऱ्यास कळण्याचा मार्गच नसतो.

उलट अपायही संभवतो. कित्येक सूचीयंत्रे अदृश्य चिन्हे गाळून टाकणे हे स्वच्छतेचे लक्षण समजतात. ते जोडचिन्ह गळले की अर्ध्या र चा रफार होतो, 'दऱ्या' शोधणाऱ्यापुढे 'दर्या' येऊन ठाकतो, आणि 'आचाऱ्यास' दिलेली सूचना 'आचार्यास' पोहोचते. डीस्पेसचा शोध सोलर या यंत्रामार्फत चालतो आणि सोलर ल्यूसीनवर उभे आहे. ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी व बंगालीसाठी शब्दविश्लेषक आहेत. मराठीसाठी स्वतंत्र विश्लेषक नाही. म्हणून 'देवनागरीच ना' असे म्हणून हिंदीचा विश्लेषक लावण्याचा मोह होतो. तो विश्लेषक ऱ चा र करतो, हलन्त पुसतो, दीर्घ ईकारास ऱ्हस्व करतो. हिंदीच्या गरजा ध्यानी घेऊन तो रचलेला आहे व त्या दृष्टीने त्यास दोष देता येत नाही. परंतु 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद त्याच्या हाती उरत नाही. झाडीबोलीच्या अभ्यासकाचे तर अधिकच कठीण. तिच्यात प्रमाण मराठीतील ळ च्या जागी र येतो, ण च्या जागी न येतो. 'डोळा' आणि 'डोरा' यांमधील अंतर हाच त्याचा अभ्यासविषय. र या वर्णाशी यंत्राने परस्पर केलेला कोणताही व्यवहार त्याच्या मुळावर येतो.

याहून गंभीर प्रकार अक्षरसंकेतांचा आहे. टॉमकॅट या सर्व्हरच्या सातव्या आवृत्तीपर्यंत पत्त्यातील अक्षरे पश्चिम युरोपीय संकेताने वाचली जात. आठव्या आवृत्तीपासून ती यूटीएफ-८ ने वाचली जाऊ लागली. जकार्ता नावे स्वीकारल्यावर टॉमकॅट १० घ्यावा लागतो, आणि त्याच्या मूळ मांडणीत अर्जातून आलेला मजकूरही यूटीएफ-८ मानला जातो. बदल सर्वथा योग्य आहे. परंतु जुन्या काळी अनेक प्रणालींत एक विलक्षण तडजोड चालत असे : मराठी मजकूर येताना चुकीच्या संकेताने वाचला जाई, जाताना त्याच चुकीच्या संकेताने लिहिला जाई, आणि दोन चुका परस्परांस छेदून वाचकास शुद्ध मराठी दिसे. नवी प्रणाली यांपैकी एक चूक दुरुस्त करते आणि दुसरी डेटाबेसात तशीच राहते.

जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या छोट्या संग्रहाचे असेच स्थलांतर झाल्यावर आम्हांस काही नोंदी तपासण्याकरिता बोलावण्यात आले होते. 'भंडारा' या शब्दाच्या जागी टोपी घातलेल्या रोमन अक्षरांची माळ दिसत होती. ही गोष्ट तरी बरी, कारण ती दिसते आणि उलट फिरविता येते. काही नोंदींत मात्र शब्द वाचण्यासारखे होते, पण जोडाक्षरे फुटलेली होती. 'पऱ्हे' चे 'पऱहे' झाले होते आणि मधे एक चौकट उभी होती. कारण शोधता असे आढळले की हलन्ताचे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे बनते, आणि त्यांतील शेवटच्या बाइटाची जागा विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या पाश्चात्त्य तक्त्यात रिकामी आहे. कधी काळी कोणी तो मजकूर त्या तक्त्याने वाचून पुन्हा लिहिला, तेव्हा बहुतेक स्वर टिकले, बहुतेक व्यंजने टिकली आणि हलन्त कायमचा गेला. मूळ कागदी मुखपृष्ठे समोर ठेवून नोंदी पुन्हा लिहिण्यावाचून उपाय उरला नाही. प्रणाली सुरू झाली होती, तिच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या, आणि कामाचे देयकही चुकते झाले होते!

अंकांचीही अशीच कथा. जावाच्या नवव्या आवृत्तीने, २०१७ मध्ये, देशोदेशींच्या लेखनरीतींसाठी युनिकोड संस्थेचा कोश आधारभूत मानला. त्या कोशात मराठीचे स्वाभाविक अंक देवनागरी आहेत. म्हणून जावा ८ वर रोमन अंक छापणारी प्रणाली मराठी निवडली असता जावा १७ वर देवनागरी अंक छापू लागते. मराठी वाचकास यात आनंदच वाटावा, आणि आम्हांसही वाटला. परंतु वर्ष हे मजकुराच्या रूपाने साठविले जात असेल, तर निम्मी सूची एका अंकांत व निम्मी दुसऱ्या अंकांत होऊन देवनागरीतील १९७२ रोमन अंकांतील २०२० च्या पुढे जाऊन बसते. वर्णक्रमाचेही तेच : युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल व व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढे येतो. सूची कोणत्या क्रमाने लागावी हे सांगितले नाही, तर यंत्र तक्त्याचा क्रम घेते.

आता संदर्भाच्या पत्त्यांविषयी. डीस्पेसमधील प्रत्येक नोंदीस 'हँडल' नावाचा कायम क्रमांक मिळतो. शोधगंगेच्या नोंदींचे क्रमांक १०६०३ या अंकाने सुरू होतात. प्रणाली बदलली तरी हा क्रमांक टिकावा अशीच त्याची योजना आहे, आणि ती उत्तम आहे. परंतु आपले विद्यार्थी तळटीपेत हँडल न देता पडद्याच्या माथ्यावर दिसणारा पत्ता उतरवून घेतात. त्या पत्त्यात जुन्या दर्शनी रूपाचे नाव असले, तर ते रूप गेल्यावर, मार्गबदलाची वेगळी योजना केल्याखेरीज, तळटीप निराधार होते. स्प्रिंगच्या सहाव्या आवृत्तीत तर पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेघ अधिक असली तरी, पूर्वीप्रमाणे ती दुर्लक्षिली न जाता, पान सापडत नाही असे उत्तर मिळते. छापील प्रबंधातील रेघ आता कोण खोडणार?

स्थलांतराबरोबर नोंदींची 'सफाई' करण्याची जी प्रथा पडली आहे तिजविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या प्रबंधात 'भंडारा जिल्हा' म्हणजे गोंदियासह भंडारा. उत्साहाच्या भरात एखाद्याने स्थलनामे आजच्या नकाशाप्रमाणे जुळवून टाकली, तर प्रबंधकाराने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घातले जाईल. 'पवनी' आणि 'पौनी' यांचेही असेच. दोन्ही रूपे ठेवून वाचकास दोहोंकडून प्रवेश द्यावा, एकाची हत्या करू नये. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी केली, तेव्हा त्याज्य ठरलेले पाठही तळाशी राखले होते. संग्रहाच्या डेटाबेसात अशा तळटिपेस जागा करून देणे मुळीच कठीण नाही.

मार्गदर्शिका वाचताना एक वाक्य निरनिराळ्या रूपांत वारंवार भेटते : डेटा सुरक्षित राहतो. साठवणीपुरते ते खरे आहे. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्यांचा मजकूरही सुरक्षित होता. लिपीची उकल ज्याच्यापाशी नाही त्याला त्याचा उपयोग नव्हता. डीस्पेसच्या मार्गदर्शिकेत आधी प्रत काढून ठेवा, नंतर सूची नव्याने बांधा, अशा आज्ञा आहेत व त्या काटेकोर आहेत. सूची बांधल्यावर 'पऱ्हे' शोधून पाहा, असे तीत नाही. आणि ते तेथे असावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते सांगणे हे मराठी विभागांचे काम आहे आणि ते आपण केलेले नाही. तंत्रज्ञास आपण कधी शब्दांची यादी दिली नाही, क्रम कसा हवा हे लिहून दिले नाही, आणि स्थलांतरानंतर पंधरा दिवस जुना सर्व्हर चालू ठेवा म्हणजे दोन्हींची उत्तरे ताडून पाहता येतील, अशी मागणीही केली नाही.

अशी यादी फार लांब असण्याची गरज नाही. पऱ्हे, वऱ्हाडी, आचाऱ्यास व आचार्यास, दिन व दीन, डोळा व डोरा, पवनी व पौनी. 'ॲ' हे अक्षर एकसंध व जोडून अशा दोन्ही रीतींनी, कारण त्याचे एकसंध रूप युनिकोडमध्ये २००८ मध्येच आले. ळ ने आरंभ होणारा शब्द मराठीत नसला तरी 'काळे' व 'काशीकर' ही आडनावे कोणत्या क्रमाने लागतात ते. आणि देवनागरी व रोमन अशा दोन्ही अंकांतील एकेक वर्ष. दोन पदव्युत्तर विद्यार्थी एका दुपारी हे काम करू शकतील. जुन्या व नव्या प्रणालीत प्रत्येक शब्दास किती नोंदी मिळाल्या हे समोरासमोर लिहावे, आणि जेथे आकडा घटला तेथे देयकावर सही करण्यापूर्वी थांबावे.