तोंडपाठ आकाश

२३ ऑगस्ट २०२३ या दिवशी भारताचे चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. ही तारीख आज शाळेतील बहुतेक मुलांना पाठ आहे. लँडरचे नाव विक्रम, रोव्हरचे नाव प्रज्ञान, जागा दक्षिण ध्रुवाजवळची, हे सारे मुले धडाधड सांगतात. आकाशदर्शनाच्या निमित्ताने शाळांमध्ये जाणे होते, तेव्हा आम्ही याच्या पुढचा एक साधा प्रश्न विचारतो : हे यंत्र चंद्रावर सुमारे चौदा दिवसच काम करेल, असे आधीपासून का सांगितले जात होते? वर्गात शांतता पसरते. कोणी म्हणते पेट्रोल संपते, कोणी म्हणते बॅटरी तेवढीच असते. ते यंत्र सौरऊर्जेवर चालणारे होते आणि चंद्रावरचा एक दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो, म्हणून ते तेथे सकाळ होताना उतरवले गेले, हे उत्तर क्वचितच मिळते. त्या संध्याकाळी, शुद्ध सप्तमीला, आपल्या आकाशात साधारण अर्धा चंद्र होता. दूरदर्शन संचापुढे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी बाहेर येऊन तो पाहिला, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

मुलांना माहिती कमी आहे, अशी आमची तक्रार नाही. माहिती भरपूर आहे. ती आकाशाला जोडलेली नाही, ही तक्रार आहे. आणि हा सांधा तुटण्यास मुलांपेक्षा आपल्या आकृत्या, आपले प्रश्न आणि आपण शिक्षक अधिक जबाबदार आहोत, असे आम्हाला वाटते.

ऋतूंचे ‘शास्त्रीय कारण’

‘शास्त्रीय कारणे द्या : पृथ्वीवर ऋतू होतात.’ या प्रश्नाचे उत्तर मुले बिनचूक लिहितात : ‘पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे.’ गुण मिळतात. पण अक्ष कलल्याने नेमके काय होते, असे विचारले की पुष्कळ मुले सांगतात : ‘कललेला भाग सूर्याच्या जवळ येतो, म्हणून तिथे उन्हाळा.’ म्हणजे जुनी समजूत तशीच राहिली आणि तिच्यावर नवा शब्द चिकटवला गेला.

ही समजूत येते कोठून? चूल जवळ असली की जास्त चटका बसतो, हा अनुभव तर आहेच. पण तिला खतपाणी घालते ती पुस्तकांतील व गाइडांतील नेहमीची आकृती. तिरकस पाहिल्यासारखी काढलेली ती लांबट लंबवर्तुळाकार कक्षा बघा. तीत पृथ्वी दोन ठिकाणी सूर्यापासून खूप दूर आणि दोन ठिकाणी अगदी जवळ दिसते. प्रत्यक्षात दहा सेंटिमीटर त्रिज्येची कक्षा कागदावर काढायची झाली, तर कंपासने वर्तुळच काढावे. खऱ्या आकारात आणि त्या वर्तुळात डोळ्यांना फरक कळणार नाही. फक्त सूर्य मध्यबिंदूपासून जेमतेम पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवावा लागेल.

शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. त्या वेळी आपण शाल पांघरून बसलेले असतो. सर्वांत दूर असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. हे दोन आकडे फळ्यावर लिहिले तरी मुले विचारात पडतात. त्यांना आणखी एक गोष्ट आठवून द्यावी. २६ डिसेंबरला मेलबर्नला सुरू होणारा कसोटी सामना आपण थंडीत भल्या पहाटे उठून पाहतो, पण तेथील प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात. अंतरामुळे ऋतू होत असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा आला असता.

खरे कारण शाळेच्या अंगणात दिसते. एक मीटर उंचीची काठी सरळ उभी रोवा आणि तिची दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजा. पुण्यात २२ डिसेंबरला ती सुमारे नव्वद सेंटिमीटर भरते. मेच्या मध्याला ती नाहीशी होते. पुढे जुलैच्या अखेरीपर्यंत ही मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते आणि मग पुन्हा उत्तरेकडे वळते. डिसेंबरात ऊन तिरपे पडते आणि दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. जूनमध्ये ऊन जवळजवळ सरळ पडते आणि दिवस सव्वातेरा तासांचा होतो. तिरपे ऊन अधिक जागेवर पसरते, म्हणून कमी तापवते. अक्षाच्या कलाचा अर्थ एवढाच.

काठी रोवणाऱ्या मुलाला आणखी दोन गोष्टी आपोआप कळतात. पुण्या-मुंबईकडे मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नव्हे, साधारण साडेबाराच्या आसपास होते. आणि सूर्य रोज डोक्यावर येत नाही, वर्षातून दोनच दिवस येतो. मग एखादी चौकस मुलगी विचारेल, ‘जुलैच्या शेवटी सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, तर तेव्हा मेसारखे का तापत नाही?’ उत्तर ढगांत आणि पावसात आहे. पण हा प्रश्न फक्त पुस्तक वाचणाऱ्याला सुचणार नाही.

‘ते घरचं, हे शाळेचं’

चंद्राच्या कलांबाबत तर गोंधळ अधिकच आहे. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो’ हे उत्तर आम्हाला विद्यार्थ्यांकडून जसे मिळते, तसे शिक्षकांकडूनही मिळते. ग्रहणाचे कारण कलांना लावले जाते.

एका गावात सातवीतल्या मुलीने आम्हाला सांगितले, ‘चंद्र संध्याकाळी उगवतो.’ आम्ही विचारले, ‘तुमच्या घरी संकष्टीचा उपास कोण करतं?’ ‘आजी.’ ‘ती कधी सोडते?’ ‘चंद्र उगवल्यावर. नऊ वाजून जातात कधी कधी.’ ‘मग चंद्र संध्याकाळी कसा उगवतो?’ ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘ते घरचं, हे शाळेचं.’

आम्हाला हे वाक्य फार लागले. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. गणेश चतुर्थीची कोर संध्याकाळी पश्चिमेला असते आणि कोजागिरीचा चंद्र मध्यरात्री माथ्यावर येतो, हेही तिला ठाऊक होते. आपण वर्गात या शिदोरीला हातच लावला नाही. उलट, शाळेचे ज्ञान वेगळ्या डब्यात ठेवायचे असते, हे तिला न सांगता शिकवले.

सावलीची समजूत घालवायला दुर्बीण लागत नाही. कृष्ण अष्टमीच्या सुमारास, आकाश निरभ्र असेल तेव्हा, सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांना वर पाहू द्या. पूर्वेला सूर्य आणि पश्चिमेच्या बाजूला अर्धा चंद्र, दोन्ही एकाच वेळी दिसतील. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे तेव्हा क्षितिजाखाली असते. ती चंद्रावर पडणार कशी? मग एक पांढरा चेंडू उन्हात, चंद्राच्या दिशेने हात लांब करून धरायला सांगा. चेंडूचा उजळलेला भाग चंद्रासारखाच दिसेल. चंद्राची नेहमीच अर्धी बाजू उजळलेली असते, त्यातली किती आपल्याला दिसते ती कला.

दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हा प्रश्न येथे यायलाच हवा. पुस्तकातील आकृतीत पृथ्वीला खेटून चंद्र काढलेला असतो, त्यामुळे दर महिन्याला सावली चुकवणे अशक्यच वाटते. पृथ्वी बारा सेंटिमीटरचा चेंडू मानली, तर चंद्र हा सव्वातीन सेंटिमीटरचा लहानसा लिंबू होईल आणि तो साडेतीन मीटरहून थोडा अधिक दूर असेल. त्याची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्याने तो पृथ्वीच्या पातळीपासून तीस सेंटिमीटर वर-खाली जाऊ शकतो. त्याच्यापाशी पृथ्वीची सावली मात्र जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद. बहुतेक वेळा नेम चुकणारच. सूर्य या मापाने तेरा मीटरचा आणि सुमारे १.४ किलोमीटर दूर, शाळेच्या आवारात न मावणारा!

दोष कोणाचा?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. १९८७ साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा माहितीपट निघाला. त्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी व प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारले गेले. २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या समजुती आढळल्या. तेव्हा मुलांना ‘ढ’ म्हणून मोकळे होता येणार नाही. समजूत बदलण्याची संधीच न देता वर नवी व्याख्या ठेवली, की असे होते.

आपल्या प्रश्नपत्रिका नेमके हेच करतात. सर्वांत मोठा ग्रह कोणता, शनीला किती उपग्रह, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. २००६ साली प्लूटोला बटुग्रह ठरवले, तेव्हा आपण ‘नऊ’च्या जागी ‘आठ’ पाठ करून घेतले. ग्रह कशाला म्हणायचे, यावरचा वाद मात्र किती वर्गांत पोहोचला? आम्हीही वर्षानुवर्षे असेच शिकवले, ही कबुली येथे द्यायला हवी. पाठांतराला गुण देणे सोपे असते.

अभ्यासक्रम मोठा, तासिका अपुऱ्या आणि शाळा दिवसा, ही अडचण खरी आहे. पण वर सांगितलेल्या काठी, चेंडू आणि सकाळचा चंद्र या तिन्ही गोष्टी दिवसाच्याच आहेत. काठीला महिन्यातून एक दिवस, पंधरा मिनिटे लागतात. प्रश्नपत्रिकेतही एक प्रश्न बदलता येईल : ‘या महिन्यात तुम्ही चंद्र कोणकोणत्या वेळी व कोठे पाहिला, ते आकृतीसह लिहा.’ याचे उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही.

त्या मुलीच्या आजीला विचारून वर्गात पुढच्या संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ लिहून घ्या. मग मुलांना रात्री ती ताडून पाहायला सांगा. घरचे आणि शाळेचे आकाश एकच आहे, एवढे जरी मुलांना पटले, तरी खगोलशास्त्राचा पहिला धडा झाला असे आम्ही समजू.